मुलांना स्क्रॅच शिकवताय? आधी दुसऱ्याचा प्रोजेक्ट उघडायला शिकवा

घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या संगणक कक्षात आठ-दहा मुलं जमवून त्यांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून द्यावी असं तुमच्या मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. त्यासाठी वापरायचं ते स्क्रॅच, म्हणजे रंगीत ब्लॉक माउसने ओढून एकमेकांना जोडत गेम आणि गोष्टी बनवायची मुलांसाठीची फुकट प्रोग्रॅमिंग भाषा. तुम्हाला स्वतःला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी अडत नाही. मलाही येत नव्हतं. माझं शिक्षण कॉमर्सचं. रविवारी मुलांचा गट घेता घेता जे कळलं आणि नवे लोक जिथे हमखास अडकतात, ते क्रमाने सांगते.

आपण मोठी माणसं बहुतेक वेळा फळ्यापासून सुरुवात करतो. हा मोशनचा ब्लॉक, हा लूप, हा व्हेरिएबल. अर्ध्या तासात निम्मी मुलं जांभया देतात आणि उरलेली स्क्रॅचच्या पडद्यावरच्या मांजराला म्याव म्याव करायला लावत बसतात. दोष मुलांचा नाही. स्क्रॅच त्या पद्धतीने शिकण्यासाठी बनलेलंच नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं, ते जोडीला वेबसाइट घेऊनच. मुलं तिथे आपले प्रोजेक्ट टाकतात, दुसऱ्यांचे उघडून आतले ब्लॉक बघतात, त्यांत बदल करून पुन्हा टाकतात. ही वेबसाइट उभारण्याचं मोठं काम आंद्रेस मोनरॉय-हर्नांडेझ यांनी तिथे विद्यार्थी असताना केलं.

थोडी थिअरी सांगते, पुढच्या पायऱ्यांना ती लागणार आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डला ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. त्यातल्या काही मुलांनी एका मोठ्या माणसाला बोबो नावाच्या हवा भरलेल्या बाहुल्याला बडवताना पाहिलं. पुढे त्या मुलांना तसाच बाहुला मिळाला तेव्हा त्यांनीही तो तसाच बडवला, पुष्कळदा तेच शब्द म्हणत. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी बक्षीस लावलं नव्हतं. १९७७ मध्ये सोशल लर्निंग थिअरी सविस्तर मांडताना बँडुरांनी अशा शिकण्याचे चार टप्पे सांगितले: लक्ष जाणं, लक्षात राहणं, हाताने करता येणं आणि करावंसं वाटणं. संगणकासमोर बसवल्या बसवल्या आपण मुलांना तिसऱ्या टप्प्यावर ढकलतो. आधीचे दोन वगळतो आणि चौथा त्यांचा त्यांनी आणावा अशी अपेक्षा धरतो.

लागणारं सामान

- दोन मुलांमागे एक लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. टॅबलेटवर चालतं. फोनवर प्रोजेक्ट बघता येतो, पण बनवायला स्क्रीन अपुरी पडते.
- प्रत्येक मशीनला माउस. ट्रॅकपॅडवर ब्लॉक ओढताना लहान बोटांची फार दमछाक होते. शंभर-दोनशे रुपयांच्या माउसने निम्मी कुरकुर थांबते.
- अलीकडचा ब्राउझर. नेटचा भरवसा नसेल तर स्क्रॅचचं फुकट मिळणारं ऑफलाइन ॲप आणि एक पेनड्राइव्ह.
- पालकांचा चालू असलेला ईमेल आणि त्यांची लेखी परवानगी. एका साध्या कागदावर मुलाचं नाव, वेबसाइटचं नाव, तिथे मूल काय करणार आणि पालकांची सही.
- एक वही, यूजरनेम आणि पासवर्ड लिहायला. पासवर्ड लक्षात ठेवणारं मूल अजून जन्मायचंय.

१. आधी तुम्ही स्वतः तिथे राहून या

मुलांना आत नेण्याआधी स्वतःचं खातं काढा आणि काही दिवस नुसते फिरा. चार प्रोजेक्ट उघडा, एक रिमिक्स करा (म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टची प्रत घेऊन त्यात आपले बदल करा), एखादी टिप्पणी लिहा. प्रोजेक्टखालचं हार्ट म्हणजे आवडलं, तारा म्हणजे फेव्हरिट, आणि स्टुडिओ म्हणजे बऱ्याच प्रोजेक्टचा एकत्र ठेवलेला संग्रह. तिथे खासगी संदेश पाठवायची सोयच नाही. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. पालक सभेत पहिला प्रश्न हाच येतो, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

२. मुलांची खाती

याचे दोन मार्ग आहेत. घरचीच दोन-तीन मुलं असतील तर पालकांच्या ईमेलवर साधी खाती काढा. शाळा किंवा मोठा गट असेल तर शिक्षक खात्यासाठी अर्ज करा. ते मिळालं की मुलांची खाती तुमच्या वर्गाखाली निघतात, प्रत्येकाला वेगळा ईमेल लागत नाही आणि हरवलेला पासवर्ड तुम्हीच बदलून देऊ शकता. अर्ज तपासून मंजूर होतो, त्याला वेळ लागतो. म्हणून पहिल्या वर्गाच्या आदल्या रात्री अर्ज करू नका.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला ईमेलचा. साध्या खात्याचा ईमेल पक्का केल्याशिवाय प्रोजेक्ट शेअर होत नाही आणि टिप्पणीही लिहिता येत नाही. पालकांच्या मेलबॉक्समध्ये ते पत्र पडून राहतं, मूल इथे बटण शोधत बसतं. दुसरा यूजरनेमचा. मुलं हौसेने नाव, आडनाव आणि जन्मसाल जोडून टाकतात. त्याऐवजी टोपणनाव घ्या, ज्यात शाळा, गाव, इयत्ता काही नाही. ‘निळीखार’ चालेल, ‘आर्यनपाटील२०१४’ नको.

३. मुलांनी कुणाला पाहायचं, हे तुम्ही ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. नवे लोक सर्वांत जास्त घाई नेमकी इथेच करतात.

वेबसाइट उघडली की पहिल्या पानावर चमकदार गेम दिसतात, हजारो हार्ट मिळालेले. आत बघाल तर शेकडो ब्लॉक. बनवणारा बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा आणि कित्येक वर्षं यातच मुरलेला. आपला चौथीतला मुलगा ते बघतो, डोळे विस्फारतो आणि मनात म्हणतो, हे आपल्याला जमायचं नाही. बँडुरांनी ज्याला सेल्फ-एफिकसी म्हटलं, म्हणजे ‘हे मला जमेल’ असा स्वतःबद्दलचा विश्वास, तो वाढायच्या ऐवजी घटतो.

डेल शंक आणि अँटोइनेट हॅन्सन यांनी १९८५ मध्ये वजाबाकीत अडणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. काही मुलांना त्यांच्याच वयाचं मूल वजाबाकी शिकताना दाखवलं, काहींना शिक्षक गणितं सोडवताना दाखवले, काहींना काहीच दाखवलं नाही. आपल्यासारख्या मुलाला पाहिलेल्यांचा आत्मविश्वास जास्त वाढला आणि गणितंही त्यांनी जास्त सोडवली. तेव्हा पाहायला द्यायचं ते आपल्यापेक्षा दोनच पावलं पुढे असलेलं मूल. अडखळत, चुकत, पुन्हा करत गेलेलं असेल तर उत्तमच.

प्रत्यक्षात असं करा. स्वतःच्या खात्यावर एक स्टुडिओ काढा. त्यात निवडून दहा-बारा छोटे प्रोजेक्ट ठेवा. माझी कसोटी साधी आहे: आत उघडल्यावर एका स्प्राइटचे (स्प्राइट म्हणजे पडद्यावरचं हलतं पात्र) सगळे ब्लॉक स्क्रोल न करता दिसले पाहिजेत. स्टुडिओत कुणीही प्रोजेक्ट टाकू शकेल अशी एक सेटिंग असते, ती बंद ठेवा. नाहीतर आठवडाभरात तो अनोळखी गेमनी भरून जातो. आधीच्या तुकडीतल्या मुलांचे प्रोजेक्ट असतील तर ते सर्वांत वर. ‘हे आपल्या सईने केलंय’ या वाक्यात जी ताकद आहे ती पहिल्या पानावरच्या कुठल्याच गेममध्ये नाही.

४. ‘सी इनसाइड’ दाबा, पण आधी अंदाज

माझा सुरुवातीचा नमुना म्हणजे मोदक झेलणारा उंदीर. स्टेज, म्हणजे खेळ दिसतो ती चौकट, ४८० बाय ३६०; मध्यापासून आडवं अंतर एक्स, उभं अंतर वाय. मोदक वर, वाय १८० ला, एक्सची जागा -२२० ते २२० मधली कोणतीही. ‘फॉरएव्हर’मध्ये, म्हणजे आतलं सगळं पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ब्लॉकमध्ये, दर फेरीला वाय -५ ने बदलतो. उंदराला लागला की गुण १ ने वाढतात आणि मोदक पुन्हा वर जातो. उंदीर माउसच्या मागे आडवा पळतो (यावर मुलं दर वेळी हसतात). बस, एवढंच.

आधी मुलांना खेळू द्या. मग विचारा: मोदक खाली येतो, म्हणजे आत काय लिहिलं असेल? उत्तरं येऊ द्या. त्यानंतरच आतले ब्लॉक दाखवणारं ‘सी इनसाइड’ बटण दाबा आणि ज्याने त्याने आपला अंदाज ब्लॉकमध्ये शोधावा. मग पुढचा प्रश्न: -५ च्या जागी -१५ केलं तर? आणि नुसतं ५ केलं तर? प्रोजेक्ट सुरू करणारा हिरवा झेंडा दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं. लक्ष जाणं आणि लक्षात राहणं हे दोन टप्पे या वहीमुळे पार पडतात. नुसतं ‘नीट बघा रे’ म्हणून कुणी नीट बघत नाही.

५. रिमिक्स: एका वेळी एकच बदल

आता ‘रिमिक्स’ दाबा. मूळ प्रोजेक्टची प्रत मुलाच्या खात्यात येते, मूळ तसाच राहतो. पहिल्या दिवशी नियम कडक ठेवा: एक बदल, एकदा चालवून बघणं, मग पुढचा बदल. मोदकाचा लाडू करणं, उंदराच्या जागी शेजारचं मांजर आणणं हे सुरुवातीला होणारच, होऊ द्या. चित्र बदलून कंटाळा आला की मुलं आकड्यांकडे वळतात आणि मग ब्लॉकच्या रचनेकडे.

इथे तीन बिघाड हमखास येतात. ओळखून ठेवा.

एका मोदकाला गुण १२ ने वाढले. ‘गुण १ ने वाढव’ नंतर मोदकाला वर पाठवणारा ब्लॉक मुलाने काढून टाकलेला असतो. स्क्रॅचची फेरी सेकंदाला साधारण ३० वेळा फिरते, मोदक उंदराला चिकटून आहे तोवर दर फेरीला गुण.

मोदक उंदराला लागला तरी काहीच होत नाही. अट तपासणारा ‘इफ’चा ब्लॉक ‘फॉरएव्हर’च्या बाहेर राहिलाय. झेंडा दाबला त्या क्षणी एकदा तपासलं गेलं आणि संपलं.

मोदक तळाशी जाऊन अडकतो. अट लिहिलीय ‘वाय -२०० पेक्षा कमी झाला तर वर जा’. पण स्क्रॅच स्प्राइटला स्टेजबाहेर पूर्ण जाऊच देत नाही, काठाशी थोडा भाग आत धरून ठेवतं. लहानसा मोदक -२०० पर्यंत पोचतच नाही. अट -१७० करा, सुटेल. यावर मी मोठ्या माणसांना तासभर डोकं खाजवताना पाहिलंय.

बिघाड सापडला की तुम्ही माउस हातात घेऊ नका. ज्या मुलाचा तोच बिघाड मागच्या आठवड्यात सुटला, त्याला बोलवा. तो जरा अर्धवट समजावेल, चालेल. समजावणाऱ्यालाही तेव्हाच नीट कळतं.

कुणी पालक म्हणतील, हे तर आयतं घेऊन चिकटवणं झालं, यात शिकणं कुठे? त्यांना सांगा की सायमिंदु दासगुप्ता आणि सहकाऱ्यांनी स्क्रॅचवरच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये लिहिलंय: जास्त रिमिक्स करणारी मुलं जास्त प्रकारचे ब्लॉक वापरताना दिसतात. नुसते प्रोजेक्ट जास्त म्हणून तसं दिसतं का, हेही त्यांनी हिशेबात धरलं होतं.

६. श्रेय देणं हे बटणावर सोडू नका

आपल्याकडे ‘कॉपी’ म्हटलं की परीक्षेतली कॉपीच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे गटात दोन प्रकारची मुलं निघतात. एक, रिमिक्सला हात लावायला घाबरणारी. दुसरी, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवणारी. दोघांनाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: घ्यायचं, बदलायचं आणि कुणाचं घेतलं ते लिहायचं.

रिमिक्स केलं की मूळ प्रोजेक्टचं आणि तो करणाऱ्याचं नाव वेबसाइट आपोआप दाखवते. पण तेवढं पुरत नाही. मोनरॉय-हर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. यंत्राने चिकटवलेल्या नावापेक्षा माणसाने स्वतः लिहिलेल्या श्रेयाची मुलांना जास्त किंमत वाटते, असं त्यांना दिसलं. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टच्या ‘नोट्स अँड क्रेडिट्स’ चौकटीत दोन ओळी लिहून घ्या. ‘मोदकाचा खेळ निळीखारचा. मी वेळ मोजायचं घड्याळ आणि तीन आयुष्यं टाकली.’ मराठीत, देवनागरीत लिहिलं तरी चालतं. व्हेरिएबलची, म्हणजे बदलते आकडे साठवणाऱ्या डब्यांची, नावंही ‘गुण’, ‘वेग’ अशी देता येतात आणि द्याच.

याची उलटी बाजूही आधीच सांगून ठेवा. शेअर केलेला प्रत्येक प्रोजेक्ट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक परवान्याखाली जातो. म्हणजे तुमचाही कुणीही रिमिक्स करू शकतो आणि ते बंद करता येत नाही. नंतर प्रोजेक्ट मागे घेतला तरी आधी झालेले रिमिक्स तसेच राहतात. हे आधी माहीत नसलं की एके दिवशी कुणीतरी ‘माझं चोरलं’ म्हणून रडत येतं. माहीत असलं की तेच मूल येऊन ‘माझ्या गेमचे दोन रिमिक्स झाले’ म्हणून मिरवतं.

७. टिप्पणी लिहायलाही शिकवावं लागतं

‘मस्त’, ‘लय भारी’, आणि एक अंगठा. याने कुणाचं काही बिघडत नाही, सुधारतही नाही. आमच्या गटात टिप्पणीत दोन गोष्टी लागतात: मला नेमकं काय आवडलं आणि मी काय करून बघितलं तेव्हा काय झालं. ‘तिसऱ्या लेव्हलला मांजर भिंतीतून आरपार जातं, कोपऱ्यात करून बघ’ ही उत्तम टिप्पणी. ‘बोअर आहे’ ही टिप्पणी पुसायची.

‘तू मला फॉलो कर, मी तुला करतो’ असे संदेश येतील. आकडे गोळा करायच्या नादात मुलं महिनाभर ब्लॉकला हात लावत नाहीत. याला तुम्ही काय दाखवून देता त्यावरच उपाय आहे. वर्ग सुरू करताना कुणाला किती हार्ट मिळाले हे वाचून दाखवू नका. कुणी नीट श्रेय दिलं, कुणी दुसऱ्याचा बिघाड शोधून दिला, ते सगळ्यांसमोर सांगा. दुसऱ्याची कशासाठी वाहवा होते यावर मुलांचं बारीक लक्ष असतं, आणि ‘करावंसं वाटणं’ पुष्कळदा तिथूनच येतं.

वाईट टिप्पणी आली तर उत्तर द्यायचं नाही. रिपोर्टचं बटण दाबायचं आणि तुम्हाला सांगायचं. फारच त्रास झाला तर त्या प्रोजेक्टवरच्या टिप्पण्या बंद करता येतात.

८. शेअर दाबण्याआधी

इथे कुठलीही सूट नको. मुलाबरोबर बसून एकदा बघा: पार्श्वभूमीला वेबकॅमने काढलेला फोटो आहे का, त्यात चेहरा, शाळेचा बिल्ला, दारावरची पाटी दिसते का? आवाज रेकॉर्ड केला असेल तर त्यात ‘मी अमुक, राहणार तमुक’ आलंय का? मुलं हे गंमत म्हणून करतात, आणि आवाजाकडे मोठ्यांचं लक्षच जात नाही. मग ‘इन्स्ट्रक्शन्स’मध्ये कुठल्या बटणाने काय होतं ते लिहा. ते न लिहिल्यामुळे चांगले गेम लोक दोन सेकंदांत बंद करतात.

अर्धवट प्रोजेक्टही शेअर करू द्या. पुढच्या तुकडीला बघायला तेच तर लागणार आहेत.

९. नुसतं बघत बसणारं मूल

प्रत्येक गटात एखादं असतं. चार रविवार झाले तरी स्वतःचं काही नाही, दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं. पालक काळजीत, तुम्हीही अस्वस्थ. थोडा दम धरा. बँडुरांनी १९६५ मध्ये बोबोचाच पुढचा प्रयोग केला. बाहुल्याला मारल्याबद्दल शिक्षा मिळालेला माणूस ज्यांनी पाहिला, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर ‘जे पाहिलं ते करून दाखवलंस तर खाऊ’ म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकणं झालेलं होतं, दिसत नव्हतं एवढंच. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये कारागिरांकडे काम शिकायला राहिलेल्या उमेदवारांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं की कडेला राहून किरकोळ कामं करणं हाही शिकण्यातला रीतसर भाग आहे.

तेव्हा अशा मुलाला कडेचं काम द्या. स्टुडिओची जबाबदारी द्या, दुसऱ्यांचे गेम तपासून बिघाड वहीत टिपायला लावा. स्टुडिओत त्याला क्युरेटर, म्हणजे प्रोजेक्ट निवडून टाकणारा, करता येतं. प्रोजेक्ट कधी करणार, हे विचारू नका.

१०. नेट नसेल तर

हे सगळं इंटरनेटशिवायही होतं, आणि पुष्कळ शाळांत तसंच करावं लागेल. प्रत्येक मशीनवर ऑफलाइन ॲप टाका. प्रोजेक्ट सेव्ह केला की एसबी३ प्रकारची फाइल तयार होते. लॅबमधल्या एका संगणकावर सगळ्यांना उघडता येईल असं फोल्डर ठेवा, किंवा पेनड्राइव्ह फिरवा. दुसऱ्याची फाइल उघडायची, नाव बदलून सेव्ह करायची, मग बदल करायचे. नाव बदलायचं राहिलं तर मूळ फाइलवरच बदल चढतात, म्हणून मूळ फाइलींचा एक वेगळा संच तुमच्याकडे असू द्या.

इथे श्रेय आपोआप दिसत नाही. त्यासाठी ब्लॉकच्या रिकाम्या जागेत राइट क्लिक करून टिप्पणीची पिवळी चिठ्ठी लावायची आणि त्यात मूळ कुणाचं ते लिहायचं. टिप्पण्यांसाठी भिंतीवर एक कार्डशीट लावा, प्रत्येक गेमला एक रकाना. फाइलींची नावं सुरुवातीपासून एकाच पद्धतीने द्या: खेळाचं नाव, करणाऱ्याचं टोपणनाव, तारीख. ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘फायनल’, ‘फायनलफायनल’ अशा फाइलींचा ढीग साचला की आपला गेम कोणता हे ज्याचं त्यालाच सापडत नाही.